देवकाचं झाड आणि आपण

'झाडावरून स्वतःची ओळख सांगणं ही शहरी हौस आहे' असं एका चर्चेत कुणीतरी म्हटलंय. मला उलट वाटतं. देवक, म्हणजे कुळाचं पूज्य चिन्ह, विसरलात का? लग्नाआधी आपण देवक बसवतो ना, ते कुणाचं कळंब, कुणाचा वड, कुणाचं पंचपल्लव. (त्यातली पाच झाडं कोणती, यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत!) पूर्वी अनेक ठिकाणी देवक जुळलं की सोयरीक मोडायची, कारण एका देवकाचे म्हणजे भाऊबंद. झाड थेट रक्ताच्या नात्याच्या जागी. देवकाचं झाड तोडायचं नाही हा दंडकही त्यातूनच आला.

कळंब म्हणजेच कदंब. बनवासीच्या कदंब राजघराण्याला हे नाव घराजवळच्या कदंबाच्या झाडावरून मिळालं, असं कर्नाटकातल्या ताळगुंदच्या शिलालेखातच म्हटलंय. पुढे त्याच नावाचं घराणं गोव्यात राज्य करून गेलं आणि आज गोव्याची सरकारी बस 'कदंब' आहे. "कदंब चुकली" म्हणणाऱ्या किती जणांनी ते गोल, केशरी फूल पाहिलंय कोण जाणे.

आमच्याकडे मागच्या लग्नात देवकाच्या डहाळ्या फुलबाजारातून जुडी बांधून आणल्या. पाचवी डहाळी कशाची ते विकणाऱ्यालाही सांगता येईना. आत्या म्हणाली, "असू दे, हिरवी आहे ना!"