लाँग एक्स्पोजर आणि एचडीआर म्हणजे खोटे फोटो? मग खरा फोटो कुठला ते सांगा

प्रवराकाठ

परवा आपल्या भटक्यांच्या गटात 'एकच क्लिक' यांनी लिहिलं: "लाँग एक्स्पोजर, एचडीआर आणि स्टॅकिंग ही सरळ फसवणूक आहे. डोळ्यांना जे दिसत नाही ते दाखवणारा फोटो खोटा. एक क्लिक, एक क्षण. बाकी सगळी चित्रकला." खाली काजव्यांचा एक स्टॅक केलेला फोटो पुरावा म्हणून डकवला होता आणि त्याच्याखाली लाइकच्या अंगठ्यांची रांग. चार ओळींत उत्तर देण्यासारखं हे नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय. (नवख्यांसाठी: लाँग एक्स्पोजर म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवणं, एचडीआर म्हणजे कमीजास्त उजेडाच्या फ्रेमा जोडून एक फोटो करणं, आणि स्टॅकिंग म्हणजे एकामागून एक घेतलेल्या फ्रेमा एकावर एक रचणं.)

'एक क्षण' हा नियम फोटोग्राफीला कुणी आणि कधी लावला? फ्रेंच संशोधक निएप्सचा १८२६-२७ चा खिडकीतून घेतलेला फोटो, जो आज टिकून असलेला सगळ्यात जुना कॅमेऱ्याचा फोटो आहे, त्याचं एक्स्पोजर किमान आठ तासांचं मानतात. त्यात इमारतींच्या दोन्ही बाजूंवर ऊन आहे. असं ऊन कुठल्याही माणसानं कुठल्याही क्षणी पाहिलेलं नाही. त्याच्यानंतर दागेर या फ्रेंच माणसानं १८३८ मध्ये पॅरिसचा वाहता रस्ता टिपला, तर काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये गाड्या-माणसं सगळी पुसली गेली. उरला तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला माणूस. फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रे १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी जोडून छापत होता, कारण तेव्हाच्या काचेवर दोन्ही एकदम उतरतच नसे. एचडीआर दुसरं काय करतं?

वेरूळच्या कैलास लेण्यात दुपारी मंडपात उभे राहा आणि कॅमेरा अंगणाकडे करा. उन्हातल्या दगडाला १/५०० सेकंदानं मीटर (कॅमेऱ्याचा उजेडमापक) जुळतं, आतल्या खांबांना अर्धा सेकंदही पुरत नाही. म्हणजे आठ स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). डोळा इकडून तिकडे फिरतो, बाहुली लहानमोठी होते आणि आपल्याला दोन्ही दिसतं. कॅमेऱ्याच्या एका जेपेगमध्ये (कॅमेऱ्यानंच तयार करून दिलेल्या फोटोत) एक तर खांब काळे ठिक्कर पडतात, नाही तर अंगण पांढरं जळून जातं. ज्याला तुम्ही 'खरा' म्हणताय तो फोटो तिथे उभ्या असलेल्या माणसानं पाहिलेलाच नाही.

काजव्यांच्या स्टॅकबद्दल माझं म्हणणं एवढंच: काय केलं ते खाली लिहा. लपवलं तर फसवणूक, लिहिलं तर नाही.

एकच क्लिक

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तरही ऐका. निएप्सकडे दुसरा पर्याय नव्हता. ल ग्रेकडेही नव्हता. तुमच्या हातात १४ स्टॉपचा सेन्सर आहे. एकच रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) घ्या, हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) सांभाळून घ्या, सावल्या नंतर उचला. तुमचा आठ स्टॉपचा कैलास त्यात आरामात बसतो. तीन फ्रेम जोडून वर टोनमॅपिंगचा (उजेड-अंधार दाबून एका फोटोत बसवण्याचा) मारा कशाला? त्या मारामुळे शिखराभोवती पांढरी झिलई येते, आभाळ जांभळं पडतं आणि बेसॉल्ट प्लॅस्टिकसारखा दिसायला लागतो. कैलासचे असे फोटो पाहून माझं डोकं फिरतं. आठव्या शतकातल्या कारागिरांनी वरून खाली डोंगर कोरला, त्या छिन्नीच्या खुणा कुठे गेल्या?

आता काजवे. मागच्या वर्षी आईला भंडारदऱ्याला नेलं होतं. तिनं आधी फोनवर ते फोटो पाहिले होते, झाड म्हणजे सोन्याची रास. तिथे पोचलो. समोरच्या सादड्याच्या झाडावर काजवे लुकलुकत होते, अख्खं झाड एका तालात पेटत होतं, विझत होतं. इतकं सुंदर मी फार कमी पाहिलंय. आई म्हणाली, "फोटोतल्यासारखं नाही रे दिसत." त्या बाईनं लहानपणी गावात पोत्यानं काजवे पाहिलेत. तिला समोरचे काजवे कमी वाटले, हे त्या फोटोंनी केलं. कॅप्शननं हे भरून येत नाही, साहेब.

खग्रास

एकच क्लिक, आईचा किस्सा मनाला लागला, पण त्यावरून लाँग एक्स्पोजर खोटं कसं ठरतं?

मी आकाशाचे फोटो काढतो. हरिश्चंद्रगडावरून ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण १९ अंशांवर असतो. कॅमेरा तिकडे रोखून तासभर शटर उघडं ठेवलं की प्रत्येक तारा १५ अंशांचा कंस काढतो, कारण पृथ्वी तासाला तेवढीच फिरते. पृथ्वी फिरते हे माझ्या डोळ्यांना कधीच दिसलेलं नाही, फोटोत दिसतं. हा खोटेपणा असेल तर दुर्बीणही खोटी आणि एक्स-रेही खोटा.

आणि 'एक क्लिक' म्हणताय, तर ते कॅमेऱ्याच्या आतही नसतं. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले नको असलेले ठिपके, म्हणजे नॉइज, कमी करणारी सोय) चालू ठेवा. ३० सेकंदांच्या फ्रेमनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद शटर बंद ठेवून एक काळी फ्रेम घेतो आणि तिच्यातला नॉइज पहिलीतून वजा करतो. बटण एकदाच दाबलंत, फ्रेम दोन झाल्या. (नवशिक्यांसाठी: ताऱ्यांच्या रेषा काढताना हे बंद ठेवा, नाही तर रेषा तुटक येतात.)

लग्नवाला कॅमेरा

वरच्या चर्चेत एक गोष्ट कुणी बोलतच नाही. फोन! गूगलनं एचडीआर+ नेक्सस ५ वर २०१३ मध्ये आणलं. तेव्हापासून फोन एका क्लिकला कमी एक्स्पोजरच्या अनेक फ्रेम घेऊन जोडतो आणि तुम्हाला पत्ताही लागू देत नाही. आम्ही मांडवात घाम गाळून अंतरपाटाच्या मागचा उजेड सांभाळतो, आणि नवरीचा मामा फोन नाचवत येतो, "आमच्यात बघा किती क्लिअर आलंय." मग अल्बमच्या वेळी आमच्याकडून पैसे कापायला बघतात. त्या मामाला जाऊन सांगा ना खोटा फोटो म्हणून! सगळा राग ट्रायपॉडवाल्यांवरच का?

आणि कॅमेऱ्यातला एचडीआर मोड मी अजिबात वापरत नाही. निकॉन डी५१०० मध्ये तो २०११ लाच होता. दोन फ्रेम जोडायचा आणि फक्त जेपेग द्यायचा, रॉ वर ठेवलं की मोडच बंद. हलत्या माणसांवर तर भुतं उमटतात. करवलीला तीन हात आलेले मी पाहिलेत.

सादडा

नमस्कार. मी अकोले तालुक्यातला. काजव्यांच्या रानाला लागूनच आमचं गाव.

तुमचं एचडीआर चालू द्या, मला त्यातलं कळत नाही. पण त्या फोटोचं काय होतं ते मी दर जूनला बघतो. मेच्या शेवटी फोटो फिरायला लागतात आणि शनिवारी रात्री घाटात गाड्यांची रांग लागते. हेडलाइट चालू, फोनच्या बॅटऱ्या चालू, गाणी चालू. नर काजवा लुकलुकून मादीला खूण करतो आणि मादी उजेडानंच उत्तर देते. त्याच्यावर तुम्ही टॉर्च मारला की संपलं सगळं. अंडी ओल्या मातीत, पाल्यात. अळ्या पण तिथंच, गोगलगायी खाऊन वाढतात. वर्षभर जमिनीजवळ वाढलेला जीव वर येऊन दोन-तीन आठवडे जगतो, आणि तेवढ्याच दिवसांत लोक झाडाखालचं रान तुडवून काढतात. फोटोवाले तर चांगली जागा मिळावी म्हणून पार बुंध्यापर्यंत घुसतात.

फोटो खरा का खोटा ते तुम्ही ठरवा. माझ्या दारच्या जांभळीवर आता काजवा बसत नाही.

ठाणेकरीण

सादडा दादा, शंभर टक्के पटलं. माझं तर स्पष्ट मत आहे, त्या दिवसांत काजव्यांच्या भागात पर्यटकांना बंदीच घालावी. कॅमेरेवाल्यांना आधी.

सादडा

ताई, बंदी म्हणणं ठाण्यातून सोपं आहे. भात लावायच्या आधी हातात पैसा नसतो. त्या दोन-तीन आठवड्यांत पोरं वाटाड्या म्हणून जातात, घरोघरी जेवणं होतात. बंदी घातली तर पहिली चूल आमची विझणार. आम्हाला लोक हवेत, यात्रा नको. गाडी गावाबाहेर ठेवा, वाटाड्या घ्या, बॅटरी लागलीच तर लाल कागद लावून, पायाशी धरून लावा. आमच्यातल्या काही पोरांनी पण पैशासाठी गाड्या थेट झाडापर्यंत सोडल्यात, ते पण बोललं पाहिजे.

ठाणेकरीण

मी बारा महिने ठाण्यात बसून बोलत नाही. ठाण्यालगतच्या येऊरच्या रानात आम्ही रात्रीच्या फेऱ्या करतो, तिथेही प्रखर दिव्यांनी काजवे कमी झालेले आम्ही डोळ्यांनी पाहतोय. रोजगार हवाच. पण काजवाच उरला नाही तर रोजगार कशावर करणार? हा प्रश्न विचारणं म्हणजे गावावर राग असं समजू नका.

प्रवराकाठ

सादडा, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण गर्दीचं खापर लाँग एक्स्पोजरवर फोडू नका. स्टॅक करणारा काय करतो ते बघा. संधिप्रकाशात येतो, ट्रायपॉड लावतो, झाडाची एक फ्रेम घेतो, आणि मग अंधारात २०-३० सेकंदांच्या फ्रेमा एकामागून एक चालू ठेवून गप्प बसतो. त्याला अंधार सगळ्यांत जास्त हवा असतो. एक हेडलाइट आली की त्याची फ्रेम वाया जाते. बॅटऱ्या मारतात ते फोनवाले, फ्लॅश चालू ठेवून.

सादडा

गप्प बसतो? त्याच्याबरोबर आलेले चारजण गप्प बसत नाहीत. आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या मागचा पडदा, तो लाल दिवा, सारखं उजळवून बघणं, ते कोण करतं? फोनवाला फोटो बघूनच आला ना? फोटो कुणाचा होता?

एकच क्लिक

हेच मी म्हणत होतो. तासाभराचे लुकलुकाट एका झाडावर गोळा करून दाखवायचे, त्यात गावाचं नाव टाकायचं, आणि मग लोक तेवढे काजवे शोधत झाडाखाली घुसतात, कारण लांबून 'तेवढे' दिसत नाहीत. प्रवराकाठ, तुम्ही दागेर सांगताय. दागेरच्या फोटोनं त्या रस्त्याचं काही बिघडलं नव्हतं.

खग्रास

थोडं सबुरीनं घ्या. फोटो आणि गर्दी हा सरळ हिशोब नाही. व्हिडिओ, रील, सहलवाल्यांच्या जाहिराती या सगळ्यांनी गर्दी येते. उद्या स्टॅक बंद केले तरी शनिवारची रांग राहणार.

एकच क्लिक

सबुरी तुम्ही शिकवू नका. रात्रभर गडावर तंबू ठोकून कोकणकड्यावर कचरा करणाऱ्यांत निम्मे तुमचे तारेवालेच असतात.

खग्रास

हा आरोप पुराव्याशिवाय आहे आणि मी तो ऐकून घेणार नाही. आमचा गट दर फेरीला दुसऱ्यांच्या बाटल्या पोत्यात भरून खाली आणतो. मुद्दा संपला की माणसावर घसरायचं, हे बरं नव्हे.

प्रवराकाठ

मूळ मुद्द्यावर येतो. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धा सगळ्यांना माहीत आहे. तिथे २०२३ मध्ये कीटक आणि इतर अपृष्ठवंशी प्राण्यांच्या वर्तनाचं बक्षीस श्रीराम मुरली यांच्या काजव्यांच्या फोटोला मिळालं, तमिळनाडूच्या अनामलाई भागातल्या जंगलातला. १९ सेकंदांच्या ५० फ्रेमा, म्हणजे सुमारे १६ मिनिटांचे काजवे एका फोटोत. हे सगळं फोटोबरोबर छापलेलं आहे. म्हणजे निसर्गाशी प्रामाणिक राहण्याबद्दल इतकी कडक असलेली स्पर्धाही स्टॅकला खोटं म्हणत नाही, लपवण्याला म्हणते.

उलटंही होतं. फोटोग्राफर पॉल हॅन्सन यांचा गाझामधल्या अंत्ययात्रेचा फोटो २०१३ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या बातमी-फोटोंच्या स्पर्धेचा मानकरी ठरला, आणि काही महिन्यांत तो जोडलेला आहे असा गवगवा झाला. तज्ज्ञांनी मूळ रॉ फाइल तपासली, तर फोटो एकाच फ्रेमचा निघाला, फक्त टोन बदललेले होते. तेव्हा एका क्लिकनंही संशय टळत नाही.

लग्नवाला कॅमेरा

स्पर्धेत छापलं ठीक आहे. आपल्याकडे तो फोटो तिसऱ्या माणसाच्या फोनवर पोचेपर्यंत कॅप्शन राहतं का? नाव पण राहत नाही हो. माझे मांडवाचे फोटो एका मंगल कार्यालयाच्या जाहिरातीत बिननावाचे फिरतायत. तेव्हा 'खाली लिहा' हा इलाज मला लंगडा वाटतो.

ठाणेकरीण

मग फोटोवरच लिहा, कोपऱ्यात. "४० मिनिटांतले काजवे." आणि गावाचं नाव टाकूच नका. तालुकाही नको. वाघाच्या फोटोला नेमकी जागा सांगू नये हे आपण शिकलो, काजव्याला का नाही?

सादडा

हे पटतं. नाव टाकू नका. ज्याला यायचंय तो विचारत येईल, आणि विचारत येणारा माणूस बहुतेक ऐकणारा असतो. पण एक सांगतो, पूर्वी काढलेल्या फोटोंवर नावं आहेत ती पण काढा. नुसतं पुढच्या वर्षीपासून म्हणू नका.

प्रवराकाठ

फोटोवर मिनिटं लिहायला माझी तयारी आहे. नावं काढतो, जुन्या फोटोंवरचीही. माझा मूळ मुद्दा मात्र तिथेच आहे: तासभर शटर उघडं ठेवणं हे पाहणंच आहे. एकच क्लिक, तुम्ही निदान एवढं मान्य करा.

एकच क्लिक

ताऱ्यांपुरतं मान्य, खग्रास यांनी पृथ्वी फिरल्याचं सांगितलं ते खोडता येत नाही. कचऱ्याचं वाक्यही मागे घेतो. काजव्यांच्या फोटोवर मिनिटं लिहिलीत तर मी त्याला खोटं म्हणणार नाही, पण चांगलंही म्हणणार नाही.

धबधब्याचं मात्र नाही. जुलैत रंधा धबधब्याला प्रवरा तांबडी, गढूळ, अंगावर येणारी असते, उभं राहिलं की छातीत आवाज घुमतो. दहा स्टॉपचा एनडी (उजेड अडवणारा काळा फिल्टर) लावून तिचं दूध करता, आणि लोक त्या शांत पाण्यात पाय सोडायच्या तयारीनं येतात. मी ट्रेक नेतो, मला दर पावसाळ्यात विचारतात, "तो फोटोतला शांत डोह कुठला?" त्यावर कोपऱ्यात काय लिहाल?

प्रवराकाठ

एक्स्पोजरचे सेकंद. आणि शेजारी १/१००० चा दुसरा फोटो लावीन, त्याच जागेचा, त्याच दिवसाचा.

एकच क्लिक

लावा. मग बोलू. आणि कैलासचा तो जांभळ्या आभाळाचा फोटो काढून टाका, त्यावर मात्र तडजोड नाही.