सल्ला हवा: मे महिन्याच्या सुट्टीत पोरांना हाताने करता येतील असे विज्ञानाचे उद्योग (गुहागर)

खारा_वारा:
मंडळी, मुलगी सातवीत, मुलगा चौथीत. इथे रोबोटिक्सचे क्लास वगैरे काही नाही, दिवसभर मोबाईल. गेल्या वर्षी ऑनलाईन दोन हजाराचं किट मागवलं, पावसाळाभर कपाटात राहिलं आणि गणपतीत काढून बघतो तर सेलच्या पट्ट्या हिरव्यागार, मोटर जाम. कमी खर्चातलं काही सुचवा.

निवृत्त_मास्तर:
किटाचं सोडा हो, आपल्या हवेत सायकलची चेन टिकत नाही तिथे त्या पट्ट्या काय टिकणार. भरती मोजायला लावा. एक बांबू घ्या, दर 10 सेंटिमीटरला रंगाचा पट्टा ओढा आणि खाडीच्या धक्क्याला बांधा, पण पोरांना एकटं पाठवू नका. रोज पाणी कुठवर चढलं आणि किती वाजता, एवढंच वहीत लिहायचं. आठवड्याभरात मुलगीच सांगेल की वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. मग तिला जुना हिशोब सांगा, तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, चतुर्थीला (चारची पाऊणपट) तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हे अंदाजे असतं, तुमच्या खाडीत किती चुकतं ते तिने काढायचं, खरी मजा तिथेच आहे. उधाण (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांगात (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) पाण्याच्या उंचीचा फरक किती, तेही.

मालवणी_बाय:
+1. शून्य सावली पण करा, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते तो दिवस, तुमच्याकडे 10 मेच्या आसपास, आमच्या मालवणात चार-पाच दिवस आधीच. अंगणात सरळ काठी रोवायची आणि बाराला नाही, साडेबाराच्या जरा पुढे बघायचं. "बाराला का नाही" हे पोरगा विचारणारच, आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर लावलेलं आहे आणि सूर्य आपल्या डोक्यावर उशिरा येतो, हे सांगा. ऑगस्टमध्ये परत येते म्हणा, पण तेव्हा आमच्याकडे सूर्य कुणाला दिसलाय 😄

चौथीवाल्याला जास्वंद द्या. फुलं गरम पाण्यात चुरायची, लिंबू पिळलं की गुलाबी, खायचा सोडा घातला की हिरवट. आगळावर (कोकमाच्या खारवलेल्या रसावर) पण सोडा टाकून बघा, पण खाली ताट ठेवा, फसफसून वर येतं, आमची ओटी अजून डागाळलेली आहे.

चाकरमानी:
मुलगी सातवीत आहे तर शाळेत इन्स्पायर अवॉर्ड मानकचं विचारा, शाळकरी मुलांच्या विज्ञानातल्या कल्पनांसाठी केंद्र सरकारची योजना आहे. नाव शाळेमार्फतच जातं, कल्पना निवडली गेली तर मॉडेलसाठी 10 हजार मिळतात. आणि ती भरतीची वही जपून ठेवा, तिथे कामाला येईल.

खारा_वारा:
मास्तर, बांबू परवा बांधला, रात्रीच्या भरतीत गेला वाहून, माझीच गाठ कच्ची. पोरीने आता धक्क्याच्या पायऱ्यांची उंची टेपने मोजून घेतलीय, म्हणते पायऱ्या काय वाहून जाणार नाहीत. काल पाणी सातवीपर्यंत चढलं. शेवाळ फार आहे तिथे, वरूनच मोजायला सांगितलंय.