मदत हवी आहे : ‘बुक ऑफ केल्स’ पाहायला निघालेल्या चौथीच्या मुलांना आधी काय सांगावे?

नमस्कार. आम्ही डब्लिनमध्ये राहतो आणि माझी मुलगी इथल्या शाळेत चौथीत आहे. पुढच्या आठवड्यात तिच्या वर्गाची सहल ट्रिनिटी कॉलेजच्या जुन्या ग्रंथालयात ‘बुक ऑफ केल्स’ हे हस्तलिखित पाहायला जाणार असून सोबत जाणाऱ्या पालकांमध्ये मीही आहे. आदल्या दिवशी वर्गात प्रत्येक पालकाने दहा मिनिटे बोलावे असे बाईंनी सुचवले आहे आणि माझ्या वाट्याला ‘हा ग्रंथ कसा तयार झाला’ हा विषय आला आहे.

मूळ माहिती मी वाचली आहे. इसवी सन ८००च्या सुमारास लिहिलेली ही लॅटिन भाषेतील चार शुभवर्तमाने (येशूच्या जीवनकथा) आहेत, ३४० पाने म्हणजे ६८० पृष्ठे आज शिल्लक आहेत आणि १९५३ साली बांधणी नव्याने करताना त्यांचे चार खंड करण्यात आले. अडचण वेगळीच आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरचेच तो पाहायला गेलो होतो, तेव्हा मंद उजेडात, काचेच्या पेटीत, एकच उघडे जोडपान आणि त्याभोवती मोठ्यांची गर्दी एवढेच मुलीच्या लक्षात राहिले. पोस्टरवरची चित्रे पाहून गेलेल्या मुलाला समोर नुसत्या मजकुराचे पान दिसले तर त्याचा विरस होतो, तो टाळण्यासाठी काय करता येईल?

दुसरे म्हणजे, पाने वासरांच्या कातड्याची आहेत हे कळल्यापासून मुलगी अस्वस्थ आहे. “किती वासरं?” असे तिने विचारले आणि मी विषय बदलला, जे मला स्वतःलाच आवडले नाही. शिवाय, ओढूनताणून भारत मध्ये न आणता मराठी घरातले काही या विषयाशी खरोखर जुळत असेल तर तेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

वासरांचा प्रश्न टाळू नका. अभ्यासकांच्या अंदाजानुसार या ग्रंथासाठी सुमारे १८५ वासरांची कातडी लागली असावी, आणि हा आकडा मुलीला सरळ सांगावा, असे मला वाटते. त्या काळी आयर्लंडमध्ये गुरे हीच संपत्ती होती, त्यामुळे एका मठाने एका ग्रंथासाठी किती मोठे धन वेचले हेही त्याच आकड्यातून कळते. आपल्याकडे भजनातल्या मृदंगालाही कातडेच असते, हे तिच्या आजीला विचारून तिला पडताळता येईल. तरीही तिला वाईट वाटले तर वाटू द्यावे.

इतिहासातले एकच प्रकरण निवडायचे असेल तर चोरीचे निवडा. स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरच्या मठावर ८०६ साली व्हायकिंग या समुद्री लुटारूंनी हल्ला करून ६८ जणांना मारले, आणि त्यानंतर तिथले भिक्षू आयर्लंडच्या मीथ परगण्यातील केल्स इथे आले. पुढे १००७ साली केल्सच्या चर्चमधून ‘कोलमकिलेचे थोर शुभवर्तमान’ (कोलमकिले म्हणजे आयोनाचा मठ स्थापणारा संत) चोरीला गेल्याची नोंद जुन्या बखरींत आहे. अभ्यासक ते हेच पुस्तक मानतात. दोन महिने आणि वीस रात्रींनी ते सापडले तेव्हा वरचे सोने गेले होते आणि पुस्तकावर मातीचे ढेकूळ पडले होते. चोराला वेष्टन हवे होते, आतल्या मजकुराशी त्याला काहीच कर्तव्य नव्हते, हे दहा वर्षांच्या मुलांना फार पटकन समजते.

प्रतिसाद २

ताई, आपण मागितलेला दुवा रंगांच्या नावांत आहे. या ग्रंथातला पिवळा रंग म्हणजे हरताळ. आपल्याकडे पोथीत चुकलेले अक्षर हरताळाचा लेप देऊन झाकत, त्यावरूनच ‘हरताळ फासणे’ हा शब्दप्रयोग आला. लाल रंग शिशाचा, म्हणजे आपला शेंदूर. निळ्या रंगासाठी तिथे वोड नावाचे झुडूप वापरत, पण त्यातले रंगद्रव्य आणि आपली नीळ एकच. हिरवा तांब्याचा, म्हणजे जंगाल. काळसर शाई मुख्यतः मायफळ (ओक झाडावरच्या गाठी) आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांच्या मिश्रणाची. ग्रंथात सोन्याचा वर्ख मात्र कुठेही नाही, आणि झळाळी पाहून सोने शोधणाऱ्या मुलांना हे आधीच सांगावे.

शाईचा प्रयोग वर्गात सहज होतो. मायफळाची पूड गरम पाण्यात भिजवून गाळून घ्यावी आणि त्यात हिराकशीचे थोडे पाणी टाकावे, म्हणजे मुलांच्या डोळ्यांदेखत पाणी काळे होते. हिराकस तिकडे हिरवळीवरचे शेवाळ मारण्यासाठी बागकामाच्या दुकानात मिळते. मिश्रण मोठ्यांनीच हातमोजे घालून करावे, कारण डाग जात नाहीत. हरताळ आणि शेंदूर मात्र फक्त चित्रात दाखवावेत, कारण एकात आर्सेनिक आणि दुसऱ्यात शिसे असते.

प्रतिसाद ३

विरस टाळण्याचा उपाय पानातच आहे. ६८० पृष्ठांपैकी दोन वगळता प्रत्येकावर काही ना काही रंगीत सजावट आहे, त्यामुळे कोणतेही पान उघडे असले तरी शोधायला काहीतरी मिळतेच. ओळ संपली आणि शब्द उरला की लेखक तो वरच्या किंवा खालच्या ओळीतल्या रिकाम्या जागेत लिहीत, आणि तो तिथे कसा वाचायचा ते दाखवायला एखादा लहान प्राणी काढत. असे प्राणी शोधायचे काम मुलांना द्या. एके ठिकाणी एका पानाचा मजकूर चुकून पुढच्या पानावर पुन्हा लिहिला गेला आहे आणि जादा पानावर लाल फुल्या मारल्या आहेत. गृहपाठ दोनदा लिहिणाऱ्या मुलांना हा लेखक जवळचा वाटेल.

संपूर्ण ग्रंथ ट्रिनिटीच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर विनामूल्य ठेवला आहे. ख्रिस्ताच्या नावाच्या ग्रीक अक्षरांचे प्रसिद्ध पान वर्गात मोठे करून दाखवा आणि त्यातली मांजरे, उंदीर व मासा धरलेले पाणमांजर शोधायला सांगा. ग्रंथालयाच्या वरच्या लांब दालनातली (‘लाँग रूम’) बहुतेक पुस्तके जतनासाठी हलवली गेली आहेत, तेव्हा रिकाम्या कपाटांची कल्पनाही आधीच द्यावी.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल मुलीला आकडा सांगितला. ती काही वेळ गप्प राहिली आणि मग एका वासरापासून किती पाने निघत असतील याचा हिशेब करत बसली. इथल्या भारतीय दुकानात मायफळ मिळाले नाही, पण तिच्या बाळगुटीचा डबा अजून आमच्या कपाटात आहे आणि त्यातले मायफळ एका बाजूने उगाळून झिजलेले असले तरी बाकीचे शाबूत आहे. एवढ्याने पेलाभर शाई होईल का, की प्रमाण कमी घ्यावे?

प्रतिसाद २

पेलाभर नको, वाटीभर पाणी घ्या. वर्गापुरते पुष्कळ होईल.