सल्ला हवा: घरी आणि मळ्यावर चालेल असा छोटा प्रोजेक्टर (सांगली)

विश्रामबागकर
मंडळी, उचलून कुठंही नेता येईल असा प्रोजेक्टर घ्यायचा आहे. फ्लॅट विश्रामबागेत. हॉलमध्ये टीपॉयपासून समोरच्या भिंतीपर्यंत अडीच मीटर जागा मिळते. बाबांना क्रिकेट, मुलांना कार्टून, आम्हाला रात्री एखादा सिनेमा. सुट्टीत तासगावजवळ मळ्यावर जातो, तिथं घरापुढच्या अंगणातही लावायचा विचार आहे. लाइटीचा तिथं भरवसा नाही.

ऑनलाइन बघून डोकं गरगरलं. साडेसात हजारांच्या एका डब्यावर '९००० ल्युमेन, ४के सपोर्ट' लिहिलंय आणि सॅमसंगचा फ्रीस्टाइल कितीतरी पट महाग असून त्याचा प्रकाशाचा आकडा (ल्युमेन) शेकड्यात. मग महागडा घेणारे वेडे आहेत का? यादीत सध्या तीन आहेत: सॅमसंग फ्रीस्टाइल, एक्सजिमी मोगो २ प्रो आणि बेनक्यू जीव्ही३१. जाणकारांनी प्रकाश टाकावा (आन्सी ल्युमेनमध्ये टाकला तरी चालेल).

कुपवाडी
भावा, ५५ इंची टीव्ही घे आणि गप बस. दुपारच्या मॅचला प्रोजेक्टर म्हणजे पडदे ओढून अंधारात बसायचं. म्हातारी माणसं वैतागतात.

मिरजेचा तंबोरा
कुपवाडींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, त्यावर शेवटी येतो. आधी ते ९००० निकालात काढू.

आन्सी (अमेरिकन मानक संस्था) ल्युमेन मोजायची पद्धत ठरलेली आहे. पांढरं चित्र टाकायचं, त्याचे उभे-आडवे तीन-तीन असे नऊ भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर लक्समीटर धरायचा, सरासरी काढून चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचं. आयएसओ ल्युमेनही (मानक २१११८) असेच मोजून काढलेले. नुसतं 'ल्युमेन' लिहिलं असेल तर ते कशाचे, कुठे मोजले, याला काही धरबंध नाही. 'एलईडी ल्युमेन' तर आणखी वेगळे. फ्रीस्टाइलचंच बघा, ५५० एलईडी ल्युमेन म्हणजे २३० आन्सी. मोठी कंपनी निदान दोन्ही आकडे सांगते, त्या साडेसात हजारवाल्याच्या पानावर आन्सी शब्द शोधून दाखवा.

आता किती लागतात ते. डिजिटल सिनेमागृहात पडद्याची उजळी ४८ निट ठेवायची असं मानक आहे. साधा पांढरा मॅट पडदा आणि पूर्ण अंधार धरला, तर तेवढ्या उजळीला ८० इंची चित्रासाठी साधारण २६५ आन्सी ल्युमेन लागतात, १०० इंचीला ४१५ आणि १२० इंचीला ६००. क्षेत्रफळ वाढतं तसा प्रकाश पातळ होतो, दुसरं काही नाही.

हे तुमच्या यादीला लावा. फ्रीस्टाइल (२३०) ८० इंचांच्या जरा अलीकडेच थांबवा. जीव्ही३१ (३००) ८० इंच आरामात. मोगो २ प्रो (४०० आयएसओ) जवळजवळ १००. तिघांच्या जाहिरातीत १०० इंचांच्या पुढचं चित्र दाखवलं तरी ते दिसेल एवढंच, बघावंसं वाटणार नाही. आणि दिवसा हॉलमध्ये उजेड असताना तिन्ही निष्प्रभ, म्हणून कुपवाडींना अर्धे मार्क.

विश्रामबागकर
वा, हे कुणी दुकानात सांगत नाही. अडीच मीटरवरून किती मोठं पडेल?

मिरजेचा तंबोरा
थ्रो रेशो बघा. १.२ असेल तर अंतर भागिले १.२ म्हणजे चित्राची रुंदी. अडीच मीटरला २.०८ मीटर रुंद, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ९४ इंची. ८० इंची हवं तर मशीन भिंतीपासून ७ फुटांवर आणा. सोफ्यामागच्या फळीवर ठेवून झूम करून लहान करू म्हणाल, तर या छोट्या मशीनमध्ये खरा झूम बहुधा नसतो. चित्र आतल्या आत आक्रसतं आणि पिक्सेल वाया जातात. कीस्टोनचंही तेच. मशीन तिरकं ठेवून चित्र चौकोनी करून घेतलं की फुल एचडी पूर्ण फुल एचडी राहत नाही. शक्यतो समोरासमोर मांडा.

'४के सपोर्ट'चा अर्थ फक्त इतकाच की ४के फाइल दिली तर तो चालवतो. आतला पॅनेल किती ते 'नेटिव्ह'पुढे लिहिलेलं असतं. तुमचे तिन्ही १९२० × १०८० आहेत. स्वस्तातल्या कित्येकांत १२८० × ७२० निघतो, काहींत त्याहून कमी. एचडीआरच्या (उजळ-गडद भागांत जास्त फरक दाखवण्याच्या) स्टिकरवर या उजळीत एक रुपयाही जास्त देऊ नका.

द्राक्षबाग
मळ्याचं मी सांगतो, आमच्याकडं हाच उद्योग चालतो. लाइट गेली की खरी परीक्षा. फ्रीस्टाइल आणि मोगो २ प्रो, दोन्हीत बॅटरी नाही. टाइप-सी पीडी (जास्त वॉट देणाऱ्या) पॉवरबँकेवर चालतात, पण पहिल्याला ५० वॉटचा आणि दुसऱ्याला ६५ वॉटचा लागतो. घरातला मोबाइलचा साधा पॉवरबँक लावून 'चालू होईना' म्हणू नका. आणि २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-तास, त्यातले थोडे वाटेतच जातात. तासभर धरा. टी-ट्वेंटीची एक इनिंगसुद्धा पुरी होत नाही लका. जीव्ही३१ मध्ये बॅटरी आतच आहे, कंपनी ३ तास म्हणते. इन्व्हर्टर असेल तर हा सगळा हिशोब सोडा.

अंगणातली धूळ हा दुसरा विषय. स्वस्त मशीनमध्ये आतली काच-भिंगं उघड्यावर असतात, पंखा धूळ ओढतो आणि चित्रावर करडे डाग पडतात. बंद ऑप्टिकल इंजिन (भिंगांचा भाग धूळ न जाईल असा बंद) आहे का ते विचारा.

हळदपेठ
+१. अजून दोन गोष्टी. मोगो २ प्रोमध्ये नेटफ्लिक्स थेट चालत नाही, फायरस्टिक (अॅमेझॉनची एचडीएमआयला लावायची काडी) लावावी लागते. आणि दुरुस्तीला पुण्याला पाठवावा लागणार का, की माणूस सांगलीत येतो, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. अवांतर: २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. जुनी किंमत खोडून 'भरघोस सूट' दाखवणाऱ्यांची सूट त्यातूनच आली नाही ना, तेवढं तपासा.

कुपवाडी
एवढं सगळं करण्यापेक्षा टीव्ही.

विश्रामबागकर
कुपवाडी, तुमचं ऐकतोय. घरच्यांशी बोलणं झालं. बाबांसाठी हॉलमध्ये आहे तो टीव्हीच राहू दे, दिवसाची मॅच त्यावर. प्रोजेक्टर रात्रीपुरता आणि मळ्यासाठी. मग बॅटरीमुळे जीव्ही३१ कडे कल आहे, १०० ऐवजी ८० इंचांवर समाधान मानू. मळ्यावरची भिंत पिवळ्या डिस्टेंपरची आहे, पडदा घ्यायलाच हवा का?

मिरजेचा तंबोरा
पिवळ्या भिंतीवर सगळ्यांना कावीळ झालेली दिसेल. पडदा घ्याच. मांडववाल्याकडचा पांढरा कपडा नको, प्रकाश आरपार जातो. मागून काळा थर असलेला मॅट पांढरा पडदा मागा. चकचकीत घेऊ नका, बाजूला बसलेल्यांना अंधुक दिसतं.

द्राक्षबाग
आणि खालच्या शिवणीत पाइप घाला, रात्री वारं सुटलं की पडदा पोटात घेतो. किडे येतातच. अंगणातला बल्ब बंद करून लांब गोठ्याजवळचा चालू ठेवला की निम्मे तिकडं जातात.