जीर्णोद्धारात जुनं-नवं वेगळं दिसावं का?

पूर्णाकाठ:
जर्मनीत ड्रेस्डेनला फ्राउएनकिर्खे नावाचं चर्च आहे. १७४३ ला पुरं झालेलं. १३ फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात आगीनं तापलं आणि १५ तारखेला घुमटासकट बसलं. कित्येक वर्षं ढिगारा तसाच पडून होता. १९९४ ला बांधकाम सुरू झालं, २००५ ला चर्च उघडलं. ढिगाऱ्यातले धड निघालेले दगड शक्य तिथं मूळ जागी बसवले, म्हणून फिकट भिंतीत मधेच काळे दगड दिसतात. मला हे लई पटलं. आपल्या औंढा नागनाथालाही खाली काळ्या दगडातलं कोरीवकाम अन् वर मागाहून बांधलेला पांढरा भाग, बघताक्षणी कळतं. गावोगावी मात्र जीर्णोद्धार म्हणजे सगळं एकाच रंगात बुडवणं!

बालाघाटी:
भाऊ, त्या चर्चच्या आत डोकावलात का? पिवळा, गुलाबी, हिरवट, सगळा ताजा रंग. खांबांचा संगमरवर म्हणजे नुसतं रंगकाम. त्यांनी केलं की कला, आम्ही वर्गणी काढून ऑइल पेंट दिला की अडाणी?

पूर्णाकाठ:
आतले रंग मुळातच तसे होते, संगमरवरही आधीपासून रंगवलेलाच. आणि वेदी जवळपास दोन हजार तुकडे जुळवून उभी केली, हेही बघा. आमच्या महादेवाच्या चौकटीवर पेंटचे इतके हात बसलेत की द्वारपालाची बोटं मोजता येत नाहीत.

शिवारातला:
काळे दगड म्हणजे सगळी आगीचीच काजळी नव्हे. तिथल्या वालुकाश्मात लोह असतं, तो उघड्यावर आपसूक काळवंडतो. नवे दगडही पुढंमागं काळे पडतील, जोड बुजेल. औंढ्याचा फरक त्या मानानं पक्का.

बालाघाटी:
औंढ्याचा तुम्हाला आवडलेला पांढरा हातही कुणीतरी भक्तीनंच दिलाय ना? देऊळ काही म्युझियम नाही. श्रावणी सोमवारी रांगेत उभ्या माउलीला शिखर झळझळीत दिसावं वाटतं, त्यात काय चुकलं?

पूर्णाकाठ:
शिखराला दरसाल चुना द्या, कोण अडवतंय? कोरीव दगडाला ब्रश लावू नका, एवढंच म्हणणं.

शिवारातला:
आणि लागलेला रंग काढायला ग्राइंडर नको. रंगासोबत मूर्तीचं नाकही जातं.

बालाघाटी:
बरं. पुढच्या वर्गणीला दोघंही पावतीपुस्तक घेऊन फिरा. मग बसून ठरवू.