मदत हवी आहे: क्लॅम्प (बुरशीच्या तंतूवरचा, शेजारच्या पेशीला मिळणारा हुकसारखा जोड) खरा की अर्धवट, कसं ओळखायचं?

नमस्कार. तळकोकणात आंब्याच्या ओंडक्यांवर येणाऱ्या स्कायझोफायलम कम्यूनवर एमएस्सीचा प्रकल्प करतेय. या भूछत्राचे 20 हजारांहून जास्त मेटिंग टाइप (जुळणीचे प्रकार; वेगळे असतील तरच जुळतात) आहेत, त्यामुळे वेगवेगळ्या ओंडक्यांवरची एकबीजाणू कल्चर (एकाच बीजाणूपासून डिशमध्ये वाढवलेली बुरशी) जवळपास सगळी जुळतात. फार सुंदर दिसतं ते!

अडचण आहे एकाच छत्रातल्या भावंडांची. मेटिंग टाइप ठरवणारी ए आणि बी ही दोन्ही जनुकस्थानं वेगळी असलेल्या जोड्याच, म्हणजे साधारण पाव हिस्सा, जुळायला हव्यात. पण काही डिशमध्ये दोन कल्चरच्या मध्ये विरळ पट्टी राहते. तंतूंवर क्लॅम्पसारखे हुक दिसतात, पण त्यांचं टोक शेजारच्या पेशीला मिळालेलं वाटत नाही. इथे फक्त ए वेगळं आहे असं धरू का? कॉटन ब्लू या रंगात पेशींमधले पडदे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसत नाहीत. त्याऐवजी काँगो रेड हा रंग चालेल का? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.