मदत हवी आहे : रत्नागिरी कुठल्या सिद्धांतात बसवू?

नमस्कार मंडळी. एम.ए. भूगोलाच्या प्रकल्पासाठी मी 'रत्नागिरी शहराची वाढ' हा विषय घेतलाय आणि शहरं कशी वाढतात हे सांगणाऱ्या सिद्धांतांपाशीच अडकलेय.

समाजशास्त्रज्ञ बर्जेसने १९२५ मध्ये शिकागो शहरावरून वर्तुळांचा सिद्धांत मांडला. मध्यभागी बाजारपेठ, मग एकाभोवती एक वस्तीची कडी. पण आपल्याकडे एका बाजूला समुद्रच, म्हणजे अर्धं वर्तुळ आधीच बुडालं! हॉइटचा १९३९ चा सिद्धांत जवळचा वाटतो. तो म्हणतो, शहर मोठ्या रस्त्यांच्या कडेने पाचरीसारखं बाहेर पसरतं. मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कुवारबाव, पुढे हातखंब्याच्या दिशेने बघा, अगदी तसंच दिसतं. पण मग जुनं बंदर, रेल्वे स्टेशन, मिरजोळ्याची एमआयडीसी ही निरनिराळी केंद्रं? त्यांना हॅरिस आणि उलमन या भूगोलतज्ज्ञांचा १९४५ चा बहुकेंद्र सिद्धांतच लागू पडतो, म्हणजे शहर एका नव्हे, अनेक केंद्रांभोवती वाढतं.

आणि खरा पेच वाड्यांचा आहे. शहर बाहेर पसरत गेलं की आमच्यासारख्यांची वाडी आयतीच त्यात येते. आंब्याची कलमं, गडगे (दगडी कुंपणं), विहीर सगळं तसंच, फक्त शेजारी पाच मजली इमारत. हे कुठल्याच आकृतीत नाही, आणि मला ते वगळायचं नाहीये.

कोकणातल्या शहरावर असं काम कुणी केलंय का? कोकण रेल्वे येण्याआधी कुवारबावला नेमकं काय होतं, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून सांगाल का? जुने फोटो, नकाशे असतील तर फारच उपकार होतील.